एक जून ते चौदा जून

बर्फ फॅक्टरीच्या पावतीबुकामागच्या कोऱ्या बाजूवर
आम्ही युरोप मांडतोय.
विनता भूगोल शिकवते, तिचं अक्षर नीट,
म्हणून आकडे तिच्याकडे,
काटछाट माझ्याकडे.

कणकवली ते मुंबई, स्लीपर.
मुंबई ते व्हिएन्ना, दोनदा विमान बदलून,
त्यात एक अख्खी रात्र बाकावर.
पुढे बस, पोप्राड नावाच्या गावापर्यंत.
ते तिने नकाशात दाखवलं तेव्हा
माझ्या नखाखाली सगळा स्लोव्हाकिया झाकला गेला.
"बोट काढ," ती म्हणाली, "तिथे डोंगर आहेत."

तंबू तिच्या भाच्याचा, कॉलेजातला.
एक काठी मोडलेली, तिथे बांबूची कामठी बसवली.
स्लीपिंग बॅगा पुण्याहून भाड्याने.
गॅसचा डबा तिथे गेल्यावर.
खाण्याला कुळथाचं पीठ, दोन किलो,
मीठमिरची घालून भाजून.
सोलं चालतील. सुकट नको,
विमानतळावरचा कुत्रा आपल्याला सोडायचा नाही.

सत्यवान कुबल लादी फोडता फोडता ऐकत होता.
"थंडी बघूक इतके पैशे?
आतल्या खोलयेत बस गो, मी भायरसून दार लावतंय.
फुकट."

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी
मिठमुंबरीला तालीम केली.
पाठीवर दहा-दहा किलो तांदूळ घेऊन पूल ओलांडला,
लोकांना वाटलं, रेशन आलं.
रात्रभर तंबूत वाळू, वाळूत कुर्ल्या,
आणि विनता म्हणते मी घोरते.
पहाटे चेन उघडली
तर समुद्र डोळ्यांच्या उंचीवर.
चाळीस वर्षं याच गावात काढली,
तो आडवं पडून कधी बघितला नव्हता.

विम्याचा कागद वाचला. तीस हजार युरो.
धडधाकट मी नऊशेत बसते,
पाय मोडला तर भाव चढतो.

व्हिसाच्या यादीत एक ओळ:
परत येणार असल्याचा पुरावा.
मालकाचं पत्र जोडलं, पासबुक जोडलं.
पण एक ऑगस्टला होड्या सुटतात
आणि पहाटे चारच्या अंधारात
कुणाच्या किती लाद्या, कुणाची उधारी किती,
हे माझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही,
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

काल रात्री विनताचा फोन.
खिंडीकडच्या वरच्या वाटा बंद असतात म्हणे.
पंधरा जूनला उघडतात.

पंधरा जूनला तिची शाळा उघडते.

एक जूनला मासेमारीची बंदी लागते,
माझं मशीन थांबतं,
म्हणून तर हे मधले चौदा दिवस.
समुद्र मिटतो तेव्हा मी मोकळी,
आणि मी मोकळी तेव्हा
डोंगर मिटलेला.

"कशासाठी बंद?"
"बर्फ असतो अजून. जनावरांची पिल्लं लहान असतात."
"म्हणजे बंदीच की. आपल्यासारखी."
तिला हसू आलं नाही.
तीन वर्षं ती खाजगी शिकवण्या घेत होती.

बराच वेळ दोघींच्या फोनमधून
फक्त तिच्या पंख्याचा आवाज.
मग मी पावतीबुक ओढलं.
खालच्या दऱ्या उघड्या आहेत, ओढे आहेत,
ओढ्यांवर लोखंडी शिड्या आहेत.
वरचे दोन मुक्काम खोडले. साठ युरो वाचले.

पाटी असेल तिथपर्यंत चढायचं.
त्यांची भाषा येत नाही, पण कळेल मला.
फॅक्टरीच्या दारावर दर जूनला
"बर्फ बंद" मीच लिहिते, खडूने.
त्या पाटीखाली बसू, पिठी ढवळू.
वर असेल तो बर्फ, लाद्या न पाडलेला,
कुणाच्या नावावर न मांडलेला.

साठ युरोंचं अजून ठरत नाही.
विनता म्हणते, गुडघ्याचे पट्टे घेऊ,
चांगले, दोघींना.
मी म्हणते, बघू.