एक हजार चौदा

पहिल्या आठवड्यात हानुसनं मला कशाला हात लावू दिला नाही.
"बघ," म्हणाला, "आणि वाच."
टोर्शहाव्हनच्या बंदरामागे, मत्स्यकेंद्राच्या तळघरात
तीन सर्व्हर, एक कुरकुरता पंखा
आणि केबलच्या शिडीवर वाळत घातलेला त्याचा लोकरी स्वेटर.
यंत्रांचा गरम श्वास तेवढा तरी कामी यावा.

"रूट होणं सोपं आहे," तो म्हणाला,
"रूट असताना हात खिशात ठेवायला शिकलो
त्याला अकरा वर्षं लागली."
दहाव्या वर्षी काय झालं ते इतरांनी सांगितलं:
तिरक्या रेघेआधी एक मोकळी जागा जास्तीची पडली
आणि एका उन्हाळ्याचे सगळे हेरिंग पुसले गेले.

मग दक्षिण बेटावरची डिस्क जोडली.
बेट फेरीबोटीनं दोन तास दूर,
डिस्क मात्र इथेच, माझ्या फोल्डरांच्या ओळीत,
भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारणीसारखी.
उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच,
फक्त इथे उंट नाही, आणि शेळ्यांच्या जागी
धुक्यात उभ्या मेंढ्या.

त्या रात्री वारा सुटला. मी यादी मागितली, ती आली नाही.
पडद्यावर एकच ओळ:
सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे.
मी आज्ञा थांबवली. थांबली नाही.
मारली. मेली नाही.
हानुसनं कॉफी ओतली.
"ही झोप वेगळी असते. वाट बघ.
दुसऱ्या तऱ्हेनंही जोडता येतं,
ती जोडणी कंटाळते, अर्धं लिहून उठून जाते,
आणि अर्धंच लिहिलंय हे तुला वर्षानं कळतं.
मला ही वाट बघणारी बरी."
पहाटे चारला वारा पडला.
यादी आली, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं.

सोमवारी माझं खातं उघडलं.
यंत्रानं रिकामा आकडा शोधून दिला: एक हजार चौदा.
मी सामाईक डिस्कवर गेले, आणि
अकरा हजार चित्रांसमोर माझं नाव.
मी शाळेत होते तेव्हाच्या तारखा.
मालक: मी.

हानुस बराच वेळ बोलला नाही.
"तारेवरून नाव जात नाही," शेवटी म्हणाला,
"फक्त आकडा जातो.
पलीकडचं यंत्र आपल्या वहीत बघतं
आणि त्या आकड्यापुढे जो सापडेल त्याला हाक मारतं.
एल्स्पा गेली तेव्हा वहीतली ओळ मीच खोडली.
दोन हिवाळे तिच्या फायली नुसत्या आकड्याच्या होत्या."

मी एक चित्र उघडलं.
कॉड माशाच्या कानातला खडा, मधोमध कापलेला,
एका हिवाळ्याला एक कडं, झाडासारखं.
शेजारी तिची टिपणं, हजारो, नीटस.
आणि सगळ्यात शेवटची:
वय सात. किंवा आठ. उद्या परत मोजते.

मी स्वतःला नवा आकडा घेतला.
तिचं खातं पुन्हा उघडलं, दाराला कुलूप घालून:
पासवर्ड नाही, प्रवेश नाही, नुसती मालकी.
वहीत त्या ओळीच्या वर लिहिलं: हा आकडा कोणाला देऊ नये.
तीनदा वाचलं. एंटर दाबलं.
मग यादी मागितली, आणि ती येत राहिली,
एल्स्पा, एल्स्पा, एल्स्पा,
पडदा सरकत होता, हानुस पाठमोरा
वाळलेल्या स्वेटरची घडी घालत होता,
एका स्वेटरला लागतो त्याहून जास्त वेळ.

सगळे गेल्यावर तो खडा पुन्हा उघडला.
कडी मोजली. आठ.
परत मोजली. आठच.
टिपणात लिहायची मला परवानगी नव्हती,
दुपारी मीच ती काढून घेतली होती.
रूट होऊन लिहिता आलं असतं.
हात खिशात होते.