वल्ह्याला कान

नारळी पुनवेला मालवणच्या धक्क्यावर
नारळ लढवतात.
एकाने मुठीत धरायचा, दुसऱ्याने वरून हाणायचा,
ज्याचा फुटेल त्याने तो देऊन टाकायचा.
लवूकाका कुबल पैजेचा नारळ कानाशी हलवून निवडतो,
नखाने टिचकी मारतो, शेंडीखालची शीर बघतो.
मी म्हटलं, माझ्याकडेही असंच चालतं काका,
फक्त नारळ दिसत नाहीत,
आणि धक्का आहे सत्तावीस किलोमीटरचा,
गोल, जमिनीखाली.

"मगे फुटल्यार आत काय गावता?"

आत होतं ते नाही गावत.
दोन नारळ आपटावेत आणि मधून फणस पडावा,
किंवा दोन बगळे उडावेत,
किंवा नुसताच उजेड,
आणि आपण करवंट्या मोजून सांगायचं
इथे क्षणभर कोण येऊन गेलं.

तो हसला नाही. खोबरं चावत म्हणाला,
"आणि कोण इल्लां?"

ओळखीचेच, काका.
बारा वर्षं ओळखीचेच.

मग मी तो बोगदा सोडला, लहरींकडे आले.
चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, काटकोनात,
टोकाला काचेच्या धाग्यांवर टांगलेले आरसे.
कधीकाळी दोन कृष्णविवरं एकमेकांत बुडाली
त्याचा हेलकावा आज पोचतो,
आणि आरसा हलतो
प्रोटॉनच्या हजाराव्या भागाएवढा.
तेवढ्यासाठी जग गप्प करावं लागतं.
मालगाडी, पाण्याचा पंप, कुठे पडलेलं झाड,
आणि समुद्र.
शेकडो मैल आत, डोंगरापलीकडेसुद्धा
लाटा खडकातून चालत येतात,
दर पाच-सहा सेकंदांनी एक उसासा.
आमच्यात त्याला गोंगाट म्हणतात.
देवबागेत जन्मलेली मी
पगार घेते
समुद्र वजा करायचा.

आईला हे सांगितलेलं नाही.
तिच्या मागच्या पडवीची भिंत
दोन पावसांपूर्वी त्याच समुद्राने नेली.

परवा त्याच उरलेल्या पडवीत,
माशांच्या क्रेटवर लॅपटॉप ठेवून बसले होते.
पडद्यावर खालची लाल रेघ फुगायला लागली.
नोंदवहीत लिहिलं: कारण, अरबी समुद्रात वादळ.
मान वर केली तर
काका होडी माडापर्यंत ओढून बांधत होता.
कोणी सांगितलं?
"पायांक कळता."

वादळ बाजूने गेलं. दोन रात्रींनी
त्याने मला खाडीच्या तोंडाशी नेलं.
इंजिन बंद केलं, बिडी विझवली.
वल्ह्याचं पातं पाण्यात, दांडा कानाशी.
घोळ आणि ढोमे पोटातून घुमतात,
ते लाकडातून वर येतं.
हल्ली असं कोणी ऐकत नाही,
सगळ्यांच्या होडीत मासे दाखवणारा पडदा आहे.

मला आली नुसती खरखर.

"गप. आधी एकेकाक भायर काढ.
होडयेक लागता तां पाणी. काढ.
चटचटता ती फातरातली झिंगां. काढ.
लांब ट्रॉलर असा. काढ.
तुझां रगत वाजता कानात, तांय काढ.
मगे उरतलो तो मासो."

मी काढत गेले.
माझा सगळा पेशा एका दांड्यात मावत होता
आणि हात गारठले होते.
पाणी गेलं, झिंगे गेले, ट्रॉलर गेला,
रक्त काही केल्या जाईना,
त्याच्याही खालून
एकच बारीक आवाज, चढत गेलेला,
शीळ घालता घालता कोणी ओठ मिटावेत तसा.

वल्हं काकाकडे दिलं.
तो बराच वेळ वाकून राहिला.
"घोळ?"
"नाय."
"ढोमो?"
"नाय गो."

चंद्र उशिरा, माडांच्या मागून आला.
एक्काहत्तर वर्षांचा माणूस,
या खाडीतलं प्रत्येक कुजबुजणं नावानिशी ठाऊक असलेला.
जाळं पायाशी तसंच पडलेलं.
"ह्यो आवाज माका म्हायत नाय," म्हणाला.
त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.
"म्हायत नाय," पुन्हा म्हणाला,
आणि वल्ह्याला
दुसरा कान लावला.