जुनी पुली

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
लेथ गप्प, भट्ट्या गार,
गटारीच्या कडेला लोखंडाचा कीस तेवढा चमकतो,
आणि नेमगोंडाच्या शेडचं शटर
गुडघ्याएवढं उघडं.
वाकून आत यायचं. तीच आमची वर्गणी.

दस्तगीर लग्नाच्या बँडात ट्रम्पेट वाजवायचा,
पुढचे दोन दात जाईपर्यंत.
तबकडी आणतो तांदळाच्या पिशवीतनं, बाळंतिणीसारखी जपून.
गाणारी मध्येच थांबली की बोट वर करतो :
"बघ, हितं श्वास चोरला. मला जन्मात जमलं न्हाई."

हेमलताबाई टेलिफोन एक्स्चेंजमधल्या,
सव्वीस वर्षं लोकांचे आवाज कानाला लावून बसलेल्या.
इंग्रजी शब्द कळोत न कळोत, त्या सांगतात,
"ही खोटं बोलालीया,"
किंवा, "त्यानं फोन ठेवलाय कवाच,
ही नुसती रिसीव्हर धरून उभी हाय."

माझ्याकडं द्यायला काही नाही.
मी कव्हरमागचं वाचून दाखवतो, अडखळत,
बँकेतल्या कारकुनाला येईल तेवढं.

त्यांची नावं आमच्या जिभेवर बसत नाहीत
म्हणून आम्ही इथली दिली.
खरखरीत गळ्याचा तो गुऱ्हाळ.
शब्द सोडून नुसती दा-बा-दू करत
पायऱ्या उतरते, ती घाटावरची.
आणि आक्का.

आक्का सायमन लोखंडेच्या ट्रंकेतनं आली,
मिशनच्या दवाखान्यातली डॉक्टरीण अमेरिकेला परत गेली
तेव्हा मागे राहिलेल्या प्लेअरसकट.
काय आवाज होता. जड, सावकाश,
चार पोरं मोठी करून, भांडी घासून,
मग उंबऱ्यावर बसून गाणाऱ्या बाईचा.
दोन वर्षं आम्ही तिच्यापाशी गेलो
जसं कुणी थोरल्या बहिणीकडं जातं,
काही सांगायला नाही, नुसतं.

मग एकदा नेमगोंडाला शंका आली.
त्यानं मोटर उलटी केली, पाटी पुसली, चष्मा लावला.
"अरे, ही तिकडच्या विजेची मोटर. आपल्या लाइटीवर
सहातला एक फेरा खाती."
तो दीड सूर खाली ऐकत आलाय आपण,
सायमन मोजून म्हणाला, आणि तोंड पाडलं.

पुढच्या सोमवारी नवी पुली तयार.
पितळेची, लेथवर घासलेली,
जुन्यापेक्षा सुपारीच्या सालीएवढी जाड.
सुई टेकली,
आणि आक्का तेवीस वर्षांची झाली.

हलकी, चटपटीत, जिन्यावरनं पळत येणारी पोरगी.
गोड होती. खोटं कशाला बोलू,
गाणं आता खरं होतं, पाय आपोआप हलत होता.
पण शेडमध्ये कुणी कुणाकडं बघेना.
दस्तगीर उठून बाहेर विडी ओढून आला.

तेव्हापासून भिंतीवरच्या खिळ्याला
दोन पुल्या लटकतात.
सगळ्यांना नवी.
आक्काला जुनी.

परवा कॉलेजचं एक पोरगं आलं, राजारामपुरीतलं,
कानात बोंडं, खिशात हजार गाणी.
हुशार आहे. आम्हाला माहीत नसलेल्या तिघी-चौघी
त्यानं ऐकवल्या, एक तर अशी
की नेमगोंडा कापूस घेऊन हात पुसायचंच विसरला.
मग आमची पाळी. आम्ही आक्का लावली.
पोरगं दोन ओळी थांबलं, म्हणालं,
"काका, हे स्लो आहे."

कुणी बोललं नाही.
हेमलताबाईंनी पदराला चष्मा पुसला.
"व्हय. तरणी असताना कशी गायली, ते ऐकलो आम्ही.
आता म्हातारी झाल्यावर कशी गाईल
ते ऐकालोय. बस खाली."

पोरगं बसलं, तेलाच्या डब्यावर.
दस्तगीरची तीन बोटं
हवेतल्या कळा दाबत राहिली,
आणि शटरच्या फटीतनं
बाजूच्या फाउंड्रीतलं कुत्रं आत आलं,
गार लेथखाली अंग टाकून झोपलं.