तेरा नंबर

घाटीगावच्या रस्त्यावर बस थांबते तिथे पाटी नाही.
कंडक्टर नुसता ओरडतो, तेरा नंबऽर,
आणि दोन बायका, गळ्यात सायकलची ट्यूब अडकवलेला एक पोरगा
असे उतरतात.
तेरा कसले? मी विचारलं.
खदानींचे.
आणि बाकीच्या बारा?
त्या पाण्याखाली, तो म्हणाला. म्हशी पोहतात तिथे.

माझ्याकडे कचेरीचा फॉर्म होता.
रकाना चौथा, गावाची चतुःसीमा.
उत्तरेला नाला : चार महिने नाला, आठ महिने रस्ता.
पूर्वेला छोट्या गाडीचे रूळ उचलून नेल्यावर उरलेली खडी.
दक्षिणेला चिपांचा ढीग, आता त्यावर बाभळी उगवल्यात,
नकाशावाले त्याला टेकडी समजतात.
पश्चिमेला काही नाही.
मी लिहिलं, पडीक.

दगडाचं मला ठाऊक होतं, ते कुणाला विचारावं लागलं नाही.
उथळ समुद्र होता इथे. लाट आली, गेली,
तिची सुरकुती ओल्या वाळूत राहिली,
वर दुसरी वाळू बसली.
शंभर कोटी वर्षं तिच्यावर कुणी पाय ठेवला नाही.
मग गेंदाबाईच्या सासऱ्याने छेनी लावली
आणि पापुद्रा सुटला, सुरकुतीसकट.
चार आणे फूट.

लष्करात आमच्या न्हाणीघराची फरशी तसलीच.
लहानपणी मी साबणाचं पाणी त्या रेघांतून
मोरीकडे जाताना बघत बसायचे.
वडील मुनशी होते खदानीवर.
शनिवारी घरी आले की आई आधी खिडकी उघडायची,
मग त्यांचा सदरा झटकायची.

रकाना नववा, उत्पत्ती.
गेंदाबाईला तो शब्द कळला नाही.
गाव कसं बसलं, मी म्हटलं.
बसलं कुठं, ती म्हणाली, राहून गेलं.
ठेकेदाराची पालं होती. होळीला जो तो आपल्या मुलखी जायचा.
एका होळीला मंगलला नेता आलं नाही.
छातीत भुकटी जमलेली, तीन पावलं चालला की बसायचा.
नाल्याच्या काठी त्याला ठेवला.
त्याची बायको म्हणाली, मी नाही येत.
मग तिला चूल लागली,
चुलीला वारा लागू नये म्हणून भिंत,
भिंत एकटी उभी राहीना.
असं.

साल कोणतं?
तिने ढिगाकडे बोट केलं. तेव्हा तो माझ्या कमरेएवढा होता.

हा फॉर्म भरल्यावर हातपंप येईल का, तिने विचारलं.
तसा रकाना नव्हता.

घरी येऊन माळ्यावरची बासनं सोडली.
हजेरीपुस्तक, तेरा नंबर,
वडिलांचं सुवाच्य, किंचित उजवीकडे झुकलेलं अक्षर.
मंगल वल्द हल्के : हजर, हजर, अर्धा रोज,
गैरहजर, गैरहजर, गैरहजर,
आणि फाल्गुनाच्या पानावर, तांबड्या शाईत,
नाव कमी.

स्थापनेचा दिवस सापडला होता.
रकाना मी कोराच ठेवला,
आता वाटतं भरायला हवा होता.

सकाळी आंघोळीला बसले. बादली कलती केली.
वडील म्हणायचे, ही फरशी तेराची, निवडून आणली, एकही डाग नाही.
पाणी रेघा धरून
नेहमीच्याच वाटेने गेलं.