हितसंबंध

संध्याकाळी सहाला शाळेचं ग्रंथालय
बैठकीची खोली होतं.
आठ वर्षांच्या पोरांच्या खुर्च्यांवर
आम्ही थोर माणसं गुडघे हनुवटीशी घेऊन बसतो,
आणि मी, नियामक मंडळाची चिटणीस,
मूळची अकोल्याची, आता हॅलिफॅक्सच्या चढावरची,
वहीत तारीख घालते.

बेव्हर्ली हॉर्सफॉल थेट गस्तीवरून येते.
टोपीला निळी पट्टी, बुटांना मैदानातला चिखल.
ही काही खरी पोलीस नव्हे, असं पोरं म्हणतात,
आणि तसं खरंच आहे ते.
बेड्या नाहीत तिच्याकडे.
एक वायरलेस, एक पेन,
आणि साडेतीनशे घरांची दारं तोंडपाठ:
कुठली घंटा वाजत नाही,
कुठे कुत्रा आहे,
कुठे कुत्रा असता तर बरं झालं असतं.

शाळेच्या खर्चाचा तक्ता ती ओळीखाली बोट धरून वाचते.
या कामाचा पैसा मिळत नाही कुणालाच.
मागे छप्पर गळत होतं, तीन दरपत्रकं आली.
"सगळ्यात स्वस्त आहे ना, तो माझ्या ओळखीचा.
म्हणूनच सांगते, नको."
हे मी इतिवृत्तात घेतलं नाही.

आज विषय एकच.
कायरन, वय वर्षं दहा.
दप्तरात स्वयंपाकघरातली सुरी.
बाईंनी नाव कायमचं कमी केलंय,
ते राहू द्यायचं की खोडायचं, हे तिघांनी ठरवायचं.
आई कोट न काढता बसलेली,
पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर,
बस चुकेल अशी.

मी नेहमीचं वाक्य वाचलं:
या विषयात कुणाचा हितसंबंध असल्यास
कृपया जाहीर करावा.

बेव्हर्ली उठली.
"मुलाला मी ओळखते. कामानिमित्त."
एवढंच.
टोपी उचलली आणि गेली बाहेर.
तिच्या जागी तस्लीम मिर्झा सरकले,
निवृत्त बेकरीवाले, राखीव सदस्य.

हित. आणि संबंध.
इतकी वर्षं हा शब्द लिहितेय,
पैशाचा वास येतो म्हणून नाक मुरडून.
आज पेन तिथेच अडलं.
ज्याला पोराचं हित ठाऊक आहे, ज्याचा संबंध आहे,
त्यानंच खोलीबाहेर जायचं,
असा नियम.
आणि नियम बरोबर आहे, हेच तर अवघड.

दाराच्या काचेतून व्हरांडा दिसत होता.
कायरन तिथेच बसलेला, पाय जमिनीला न टेकणारे.
त्याच्याशी बोलायचं नाही, हे तिला माहीत.
एक खुर्ची सोडून ती बसली,
समोरचा आग लागल्यास काय करावे हा फलक
पहिल्यांदाच बघतेय असा वाचत.
मधल्या खुर्चीवर टोपी.

आणि आत, गणवेश गेल्यावर,
आईनं कोटाचं पहिलं बटण काढलं.
"सुरी त्यानं आणली," ती म्हणाली,
"कारण त्या दिवशी ती घरात राहायला नको होती."

हीटर टकटकला.
मिर्झांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला.
बाई जमिनीकडे बघत म्हणाल्या,
हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.
आईनं पिशवीची दोरी बोटाला गुंडाळली,
सोडली.
"विचारलं कुणी?"

दोन विरुद्ध एक.
नाव परत पटावर.
एक मत कुणाचं, ते लिहीत नाहीत, मीही लिहीत नाही.

बाहेर आले तेव्हा
टोपी कायरनच्या मांडीवर होती, उलटी;
आतल्या पट्टीवरचं झिजलेलं नाव
तो बोटानं गिरवत होता.
बेव्हर्लीनं निकाल विचारला नाही.
मलाही सांगायचा नव्हता.
वायरलेसमध्ये कुणीतरी कुठल्यातरी गल्लीचं नाव घेत होतं.
"ती बादली," ती उठता उठता म्हणाली,
"जिन्यापाशी ठेवलेली. भरत आलीय.
कुणाला तरी सांग."

घरी येऊन इतिवृत्त उतरवलं:
सदस्य हॉर्सफॉल यांनी हितसंबंध जाहीर करून
सभागृह सोडले.
पुढे पूर्णविराम दिला.
मग बराच वेळ त्या टिंबाकडे बघत बसले.