खुटकटाई

त्रेसष्ट चाचण्या. प्रत्येकीच्या माथ्यावर त्याच बारा ओळी:
करार चढवा, चार खाती उघडा,
ठेकेदाराची अनामत भरा, ग्रामसभेची मंजुरी घ्या.
लिहिल्या मीच. लिहिल्या कसल्या, चिकटवल्या,
मागच्या उन्हाळ्यात, टॉवरच्या दोन काड्या
जायच्या आत.

मार्चमध्ये गावानं ठरवलं:
फळीवरच्या मुन्शीची सही पडल्याशिवाय
तेंदूचे पैसे सुटायचे नाहीत.
करारात तीन ओळी वाढल्या.
चाचण्यांत त्रेसष्ट जागा.

बासष्ट दुरुस्त केल्या.
एक नजरेतून सुटली, आणि ती हिरवीच राहिली.
तिच्या बारा ओळींत अजून जुनाच करार चढत होता,
बिनसहीचा.
पैसे सुटले का? सुटले.
बरोबर, म्हणाली ती, दोन महिने, रोज.

बिरजूबाई ओसरीत पुडे बांधत बसलेली,
सत्तर पानं, सालीची गाठ, पुन्हा सत्तर.
"का करून रायली वं, रातभर लाइट?"
म्हटलं, तेच तेच लिहिलेलं छाटतेय.
"छाट ना मंग. खुटकटाई झाल्याबिगर
कवळं पान कुठून येईन?"

मग काय, छाटत सुटले.
सगळं एकाच फंक्शनात कोंबलं,
अकरा गोष्टी कंसात: खरं, खोटं, खोटं, खरं, शून्य.
त्रेसष्ट चाचण्या, त्रेसष्ट ओळी.
छाती फुगली.
सकाळी वाचायला बसले तर
ठेकेदार कुठला, मुन्शी कुठला, कळेना.
खुटाऐवजी मुळावर घाव.

निम्मं परत आणलं.
मांडामांड तेवढी एका जागी,
आणि दर चाचणीआधी घड्याळ मागे, पहाटेवर,
फळी झाडलेली, पुडा एकही नाही.
पण रक्कम किती, सही कुणाची, मागतंय कोण,
हे ज्या त्या चाचणीत, उघड्यावर,
पुन्हा लिहावं लागलं तरी.

संध्याकाळी फळीवर गेले.
हलामी मुन्शी आकडा पुकारतो,
बाई तोच आकडा परत म्हणते,
मगच वहीत जातो.
दोनदा तेच. याला मी हात लावणार नाही.

ती सुटलेली चाचणी आता लाल आहे.
सकाळपर्यंत तशीच ठेवलीय.
हलामीला दाखवायचीय:
बघा, तुमची सही नव्हती,
अडले पैसे.