जन्मठाव

पुतण्याच्या जात-पडताळणीसाठी सुरू केलं होतं हे.
पन्नास सालाआधीचा एक कागद मिळाला की संपलं असतं,
आणि तो मिळालाही, भवानी पेठेतल्या शाळेच्या रजिस्टरात,
आजोबांचं नाव, शाईच्या डागासकट.
पण मी थांबले नाही.
गुरुवारी शाळा सुटली की स्वारगेटहून बस,
मग चालत, दफ्तरखान्याच्या दगडी पायऱ्यांपर्यंत.

खानेसुमारीचे मूळ कागद जाळतात म्हणे,
आकडे काढून झाले की माणसं नको असतात.
हा गठ्ठा वाचला तो पाठकोरा होता म्हणून.
मागच्या बाजूला कुणीतरी
खडकीच्या घोड्यांच्या गवताचा हिशेब लिहिलाय.

बहात्तर साल.
हैबती वल्द येसनाक. वय तीस. धंदा गवत कापणे.
जन्म: कडूस.
नऊ वर्षांनी तोच हैबती, तीच बायको ठकू,
वय चौतीस,
जन्म: अदन.

होनपबाईंना मी तीनदा वाचायला लावलं.
"अ, द, न," त्या म्हणाल्या,
"समुद्रापलीकडचं. पलटणी जायच्या तिकडे."
रात्री मी पुतण्याच्या फोनवर नकाशा ताणत बसले.
येसनाक पलटणीत होता? बायकोला नेलं होतं?
त्या उकाड्यात सुईण कोण मिळाली?
दादा म्हणाला, "कडूसच बरोबर.
अदनबिदन कुठे बोलू नकोस, समितीपुढे फाटे फुटतील."

तिसरा कागद एक्याण्णवचा, कोपरा कसरीनं खाल्लेला.
मोडीत आधी पानभर रेघ ओढतात,
मग तिला अक्षरं लटकवत जातात,
शब्दांत फट न ठेवता:

जन्मठावनाही

"जन्म, ठाव नाही," बाईंनी वाचलं. म्हणजे त्याला माहीत नाही.
मी वाचलं, जन्मठाव, नाही.
फट कुठे पाडाल त्यावर
माणूस विसरभोळा ठरतो, नाहीतर बिनगावचा.

तेव्हा मला अकरा सालची जनता वसाहत आठवली.
प्रगणक मी. फेब्रुवारी, पण पर्वतीचा उतार तापलेला.
दारात गोधडीला टाके घालत बसलेल्या गयाबाई.
जन्मठिकाण विचारलं.
"पाण्यात."
"गाव सांगा, मावशी."
"तेच सांगते. उजनीनं घेतलं.
उन्हाळ्यात देवळाचा कळस वर येतो, तेवढ्यापुरतं असतं.
एरवी ठाव लागत नाही."
रकान्यात एवढं मावत नव्हतं.
खाली अजून एकवीस घरं होती,
आणि घरी जाऊन मला कणीक मळायची होती.
मी लिहिलं, इंदापूर.
"काय लिवलं?" त्यांनी विचारलं.
"बरोबर लिहिलंय," म्हणाले.

तर हैबती,
तुझ्यापुढेही असाच कुणी बसला असेल,
बसला कसला, उभा असेल दहा पावलं लांब,
विटाळ नको म्हणून ओरडून विचारत,
उन्हं कलायच्या आत परतायची घाई असलेला.
तू जे सांगितलंस त्यातलं वाऱ्यानं किती नेलं,
त्याच्या कानापर्यंत किती गेलं?
'अंगणात' म्हणाला असशील, त्याचं अदन झालं.
किंवा खरंच अदन.
किंवा दरवेळी मुद्दाम वेगळं सांगत असशील,
तोंडातली काडी न काढता.
हे मला सगळ्यांत आवडतं.

दादाच्या फायलीत कडूस गेलं. प्रमाणपत्र आलं.
पुढच्या गुरुवारी मी तरी गेलेच,
तिसऱ्या कागदाची नक्कल उतरवायला.
"बाळबोधीत लिहिताना शब्द तोडावे लागतील," होनपबाई म्हणाल्या,
"कुठे तोडताय?"

पेन बराच वेळ हातात होतं.
मग मी आधी रेघ ओढली.